लाइनअप्या

आमच्या सोसायटीत पुढचा डिसेंबर जानेवारीतच सुरू होतो, आणि तो दुसऱ्या मजल्यावरचा लाइनअप्या सुरू करतो. संक्रांतीला हातावर तिळगूळ ठेवताना सगळे "गोड बोला" म्हणतात, हा म्हणतो, "यंदा कोण येईल असं वाटतं?" नव्यानं राहायला आलेल्या माणसाला वाटतं, निवडणुकीचं विचारतोय. आम्ही जुने. आम्हाला ठाऊक असतं की प्रश्न लाइनअपचा, म्हणजे कुठले डीजे येणार याचा आहे आणि ज्या सनबर्न महोत्सवाबद्दल तो विचारला गेलाय त्याला अजून अकरा महिने अवकाश आहे.

त्याचं खरं नाव मेंटेनन्सच्या पावतीवर तेवढं दिसतं. वय 36, घर डोंबिवली पूर्वेला, नोकरी घाटकोपरला एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये. स्वभाव गरीब, व्यसन चहाचं. डाव्या मनगटावर मात्र बाराही महिने फेस्टिव्हलचा कापडी पट्टा असतो. जत्रा उठली तरी तो काढायचा नाही, पुढच्या वर्षीचा चढला की मग मागचा उतरवायचा, असा त्याचा नेम आहे. लग्नाच्या फोटोत त्याच मनगटावर हळकुंडाचं कंकण आहे आणि त्याला खेटून तो विटका पट्टा. गुरुजींनी "हे काढा" म्हटलं होतं. हा म्हणाला, "गुरुजी, ते सोडायला कात्री लागते." शुभकार्यात कात्री कशाला म्हणून गुरुजी गप्प बसले.

असल्या जत्रांना नाचायला जाणारे पुष्कळ असतात, ऐकायला जाणारे थोडे. लाइनअप्या वाट बघायला जातो. त्याचा सगळा आनंद आधीचा आहे. प्रत्यक्ष तीन दिवस म्हणजे त्याच्या मते एका वाट बघण्यातून दुसरीत शिरण्यापूर्वीचा नाइलाजाचा खंड.

याचं मूळ 2007 सालात आहे. त्या डिसेंबरात गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यावर पहिलं सनबर्न झालं, कार्ल कॉक्ससारखा माणूस येऊन वाजवून गेला. हा तेव्हा कल्याणला कॉलेजात. "गोवा" हा शब्द घरात उच्चारला की काकांचा, म्हणजे त्याच्या वडिलांचा, चेहरा मंगेशीच्या दर्शनाला निघाल्यासारखा सोज्वळ व्हायचा आणि "समुद्रकिनारा" म्हटलं की तो उतरायचा. परवानगी मिळाली नाही. पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मुलगा इंटरनेटवरून सेट उतरवून घ्यायचा आणि मनात जाऊन यायचा. शेवटी पगार सुरू झाल्यावर तो खरोखर गेला आणि परतल्यावर पहिल्यांदा जे बोलला ते मला आजही आठवतं : "चांगलं होतं. पण ती तीन वर्षं काही और होती."

वाट बघण्याच्या या शास्त्राची पहिली पायरी म्हणजे अर्ली बर्ड तिकीट. कोण वाजवणार हे जाहीर होण्याआधी ते निघतं, म्हणून स्वस्त असतं.

"म्हणजे गाणाऱ्याचं नाव न सांगता तिकीट विकतात?" काका विचारतात.

"हो."

"आणि तू घेतोस?"

"बाबा, तीच तर मजा आहे. नाव कळल्यावर काय, कुणीही घेईल."

काका रेल्वेतून निवृत्त झालेले आणि सवाई गंधर्वचे जुने वारकरी. दोन्ही महोत्सव डिसेंबरातले, त्यामुळे त्या घरात वर्षअखेरीस दोन बॅगा भरल्या जातात आणि दोघेही एकमेकांच्या बॅगेकडे कीव करून बघतात. "तुझा तो माणूस तिथं उभा राहून नेमकं करतो काय?" हा काकांचा वार्षिक प्रश्न. लाइनअप्या दरवर्षी नव्या उमेदीनं समजावतो. दोन गाण्यांची लय जुळवून एकातून दुसऱ्यात कसं जायचं, लोकांचा रंग बघून पुढचं गाणं कसं निवडायचं, बेस कधी काढून घ्यायचा आणि कधी परत सोडायचा. काका शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "म्हणजे बटण दाबून हात वर करतो."

एकदा त्यानं शेवटचं अस्त्र काढलं. आर्मिन व्हॅन ब्यूरन हा डीजे, जगात पाच वेळा पहिल्या नंबरावर निवडून आलेला, लायडन विद्यापीठाचा कायद्याचा पदवीधर आहे. काकांची मान पहिल्यांदाच कौतुकानं हलली. लाइनअप्याला वाटलं, जिंकलो. काका म्हणाले, "मग वकिली का चालली नाही त्याची?"

एका बाबतीत मात्र बापलेकांचं एकमत आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले आणि उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकांना रात्री 10 ची वेस बसली. सवाईच्या रात्रभर चालणाऱ्या, भैरवीपर्यंत पोचता पोचता पहाट करणाऱ्या मैफली गेल्या, हे काकांचं दुःख. रात्री 10 म्हणजे जगात कुठलाही डीजे जेमतेम जेवून उठतो, हे लेकाचं. त्या नियमाला शिव्या द्यायला दोघे एकाच सोफ्यावर बसतात. काकूंना मात्र तो कायदा आवडतो. दोघे वेळेवर झोपतात.

लाइनअप्याला आणखी एक खोड आहे. त्याला प्रत्येक गोष्टीची लय मोजल्याशिवाय चैन पडत नाही. दर मिनिटाला किती ठोके, म्हणजे बीपीएम. हाउस साधारण 120 ते 130, ट्रान्स 138 च्या आसपास, सायट्रान्स त्याहून वर, हे त्याला शुभंकरोतीइतकं पाठ आहे. पण थांबेल तर शपथ. गणपतीची आरती सोसायटीत कितीनं सुरू होते आणि नैवेद्य गार होतोय म्हटल्यावर कितीपर्यंत चढते, वहिनींच्या पोळ्या लाटण्याची गती पाहुणे आल्यावर किती होते, सगळं त्याच्याकडे आहे. काकूंची नाडी तपासायला डॉक्टर आले तेव्हा तो म्हणाला, "72 आहे, हाउसपेक्षा बरंच खाली." डॉक्टरांनी काकूंऐवजी त्याच्याकडे काळजीनं पाहिलं.

सकाळच्या फास्ट लोकलमध्ये आमच्या डब्यात भजनी मंडळ असतं. पखवाज नाही, पण टाळ असतात आणि डब्याचा पत्रा असतो, तो पखवाजाचं काम करतो. लाइनअप्या दारापाशी लटकत मान हलवत असतो. एकदा त्यानं बुवांना विचारलंच, "बुवा, तुम्ही गजर चढवत चढवत नेता तो कुठं सोडायचा हे कसं ठरवता?" बुवा म्हणाले, "ठरवायचं काय त्यात? ठाणं सुटलं की चढवायला घ्यायचं. घाटकोपरला निम्मी माणसं उतरतात, त्याच्या आत आरती झाली पाहिजे." लाइनअप्या त्या दिवशी ऑफिसात कुणाशी बोलला नाही म्हणतात. जगातले मोठमोठे डीजे ज्यासाठी झुरतात ते टायमिंग इथं बुवा 15 डब्यांच्या गाडीत रोज पास काढून साधत होते.

त्याचे या विषयातले सोबती दोन. एक ठाण्याचा, घोडबंदर रोडला 27 व्या मजल्यावर राहणारा. हा फक्त टेक्नो ऐकतो, फक्त काळे कपडे घालतो आणि ज्याचं नाव आपण ऐकलंय असा कुठलाही डीजे त्याच्या दृष्टीनं बाद असतो. दुसरा कल्याणचा, खडकपाड्याचा. हा सायट्रान्सवाला. "खरं संगीत अंजुण्याला होतं, नव्वदच्या दशकात," असं तो सांगतो. नव्वदच्या दशकात तो खडकपाड्यातच बालवाडीत होता. तिघे तलावपाळीवर भेटतात, मसुंद्याच्या कठड्यावर बसून भेळ खातात आणि अजून जाहीर न झालेल्या कार्यक्रमावरून भांडतात. मी एकदा सोबत गेलो होतो. मुद्दा असा होता की दोन आवडते डीजे एकाच वेळी दोन स्टेजवर आले तर काय करायचं. त्या दोघांपैकी एकही येणार आहे असं कुणी म्हटलेलं नव्हतं. तरी आवाज एवढा चढला की शेजारच्या बाकावरचे आजोबा उठून म्हणाले, "वाटणी नीट करा बाळांनो, कोर्टकचेरी करू नका."

पण लाइनअप्याची खरी कसोटी बाहेर नाही, घरामागेच आहे. डोंबिवलीच्या भोवती आगरी गावं आहेत आणि आगरी घरात लग्नापेक्षा हळद मोठी. लग्नसराईत आमच्या मागच्या मैदानात टेम्पो येतो, टॉप आणि बेसच्या पेट्यांची भिंत उभी राहते, ट्रसवर शार्पी दिवे लागतात आणि खिडक्यांची तावदानं आपणहून ताल धरतात. लाइनअप्या गॅलरीत येऊन नाक मुरडतो. "याला डीजे म्हणतात? मिक्सिंग कुठंय? नुसतं गाण्याला गाणं लावलंय." बोलणं चालू असतं वरच्या मजल्यावर, पाय मात्र खाली कोळीगीतावर हलत असतो. न्यूक्लिया नावाच्या ज्या डीजेला तो डोक्यावर घेतो त्यानं आपला सगळा बाज अशाच रस्त्यावरच्या बँडबाजातून उचलला, हे मी एकदा सुचवून पाहिलं. तो म्हणाला, "ते वेगळं." का वेगळं, ते सांगितलं नाही.

एका हळदीला मात्र त्याला आमंत्रणच होतं. रात्री तो पेट्यांच्या मागे ऑपरेटरपाशी जाऊन उभा राहिला आणि त्याला मार्टिन गॅरिक्सची गोष्ट सांगू लागला. डच पोरगा, 17 व्या वर्षी 'ॲनिमल्स' नावाचं एक गाणं काढलं आणि जगभर झाला. 2024 ला पुन्हा जगात पहिला. ऑपरेटर लॅपटॉपवरची नजर न काढता म्हणाला, "दादूस, ते सगलं ठीक हाय. पण नवरीची आज्जी नाचायला उठंल असं कायतरी हाय का त्याच्याकडं?" आणि त्यानं पुढचं गाणं सोडलं. आजी उठल्या. लाइनअप्याही उठला. त्याचा व्हिडिओ वहिनींच्या मोबाइलवर आहे आणि काही बोलाचाली झाली की त्या तो नुसता उघडून टीपॉयवर ठेवतात.

तोच मार्टिन गॅरिक्स 2025 च्या होळीला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आला. ठाण्याहून ट्रान्सहार्बर पकडली की झालं. लाइनअप्या गेला, रंगून आला, पण खूश दिसेना. "मार्चमध्ये येणाऱ्या माणसाची वाट कधी बघायची? थंडी संपेपर्यंत येऊन गेलासुद्धा." त्याला घाईनं मिळालेलं सुख पचत नाही. उलट जानेवारी 2017 मध्ये डेव्हिड गेटा या डीजेचा मुंबईतला कार्यक्रम परवानग्यांच्या घोळात शुक्रवारी रद्द झाला आणि रविवारी झाला, ते दोन दिवस त्याच्या आयुष्यातल्या सोन्याच्या दिवसांपैकी आहेत. आशा, निराशा, अफवा, पुन्हा आशा. सगळं 48 तासांत.

अफवेच्या बाबतीत सनबर्ननं त्याला कधी उपाशी ठेवलं नाही. कांदोळीहून ते वागातोरला गेलं. 2016 ला गोवा सोडून पुण्याजवळच्या केसनंदला. मग कल्याणहून इंद्रायणी पकडायची, पण पुण्याला जाताना जत्रेला निघाल्यासारखं वाटत नाही, लग्नाची बोलणी करायला निघाल्यासारखं वाटतं. 2019 ला पुन्हा गोवा. 2024 ला आधी दक्षिण गोव्याची हवा, तिथं विरोध, मग पेडण्यातलं धारगळ, तिथंही विरोध, मग हायकोर्ट. माणसं अशा वेळी तिकिटाचे पैसे बुडणार म्हणून हवालदिल होतात. लाइनअप्याच्या चेहऱ्यावर तेज चढलं होतं. ऑफिसातून निघून तो कोर्टाच्या बातम्या वाचत वाचत डोंबिवलीऐवजी कल्याणला उतरला.

आणि गोव्याची मुख्य गोडी सनबर्नमध्ये नव्हतीच. ती कोकण रेल्वेच्या आरक्षणात होती. गाडीच्या 120 दिवस आधी आरक्षण उघडायचं, म्हणजे डिसेंबरअखेरच्या कोकणकन्येसाठी ऑगस्टअखेर सकाळी 8 ला बोटं मोडत बसायचं. पाच मिनिटांत वेटिंग. मग चार महिने ते वेटिंग रोज बघायचं. आज दोननं सरकलं, आज हललं नाही, दसऱ्याला एकदम नऊ उतरलं. घरात जेवताना आकडा जाहीर व्हायचा आणि काका, आयुष्य रेल्वेत गेलेले काका, कुठल्या कोट्यातून किती सुटतील याचा अदमास सांगायचे. त्या एका विषयावर दोघं तास तास बोलायचे. तिकीट पक्कं झालं नाही तर दिव्याहून सावंतवाडी गाठायची आणि पुढं बस. ही तजवीजही काकांचीच. ज्या जत्रेला त्यांनी तीन वर्षं परवानगी दिली नव्हती तिथं पोराला पोचवायची त्यांची धडपड बघून काकू म्हणायच्या, "तुम्हीच जा आता."

1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेनं आरक्षणाची मुदत 120 दिवसांवरून 60 वर आणली. दलालांना आळा बसेल, रद्द होणारी तिकिटं कमी होतील, अशी कारणं दिली गेली. आमच्या दुसऱ्या मजल्यावर मात्र त्या दिवशी कुणी गेल्यासारखी शांतता होती. "निम्मी करून टाकली," एवढंच तो म्हणाला.

त्याच्यावर 2025 नं कडी केली. सनबर्न मुंबईत आलं. 19 ते 21 डिसेंबर, शिवडी.

आम्ही सगळे अभिनंदन करायला गेलो. माणूस 18 वर्षं ज्याच्यासाठी तळमळतोय ती गोष्ट हार्बर लाइनवर आली म्हटल्यावर पेढे अपेक्षित होते. हा सोफ्यावर डोक्याला हात लावून बसला होता.

"शिवडी," तो म्हणाला. "शिवडीला काय वेटिंग लागणार?"

आतून काकू पदर सावरत आल्या. "शिवडीला? अगं बाई, टीबी हॉस्पिटलला कोण आहे आपलं?" मुंबईच्या मागच्या पिढीला शिवडी म्हटलं की दुसरं काही आठवत नाही. काकांनी फ्लेमिंगोंची बाजू मांडली. हिवाळ्यात शिवडीच्या चिखलात ते पक्षी येतात, त्यांना या दणदणाटाचा त्रास होईल की नाही, यावर ते बराच वेळ बोलले. ते सगळं खरं होतं, पण कुणाचं लक्ष नव्हतं. आम्ही लाइनअप्याकडे बघत होतो. गडी खचला होता. डेव्हिड गेटाचं नाव जाहीर झालं तेव्हा सुद्धा तो नुसता "हं" म्हणाला. सेटच्या वेळांचा एक्सेल तक्ता तो दरवर्षी रंग भरून करतो, साउंड डेस्कच्या मागं उभं राहायचं कारण तिथं आवाज सगळ्यात चोख असतो, एका स्टेजवरून दुसऱ्याकडं पोचायला किती मिनिटं, पाणी कुठं, सगळं त्यात असतं. त्या वर्षीचा तक्ता काळापांढराच राहिला.

त्याला वहिनींनी हात दिला. "यंदा जवळ आहे तर मी पण येते," त्या म्हणाल्या. "आणि भावोजींनाही घेऊ." भावोजी म्हणजे मी. आणखी दोन तिकिटं, ती मिळतील की नाही, कुणाकडून घ्यायची, कुणाचा बेत रद्द होतोय का बघायचं. त्याच्या डोळ्यात पुन्हा जरा जान आली. बघा, बाई आठ वर्षांच्या संसारात औषध ओळखून होती.

त्या शनिवारी दुपारी आम्ही तिघं निघालो. सरळ रस्ता असा की डोंबिवलीहून कुर्ला, कुर्ल्याला हार्बर, शिवडी. लाइनअप्यानं आम्हाला ठाण्यालाच उतरवलं. तिथून ट्रान्सहार्बरनं वाशी आणि वाशीहून हार्बरनं खाडी ओलांडून उलटं मानखुर्द, चेंबूर, कुर्ला, वडाळा करत शिवडी.

"अहो, कुर्ल्यावरूनच तर चाललोय परत," वहिनी म्हणाल्या. "मघाशीच बदललं असतं तर?"

"प्रवास नको का काही?" तो म्हणाला. ऐरोली गेल्यावर त्यानं पिशवीतून तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा काढला, कारण कोकणकन्येत पनवेल सोडलं की तो काढतो. घणसोलीला लोणचं. खाडीपुलावर गाडी आली तसा खिडकीतून वारा आला आणि तो एकदम तोंड भरून बोलू लागला. गेटा सुरुवात कशानं करेल, जुनं काय वाजवेल, कुठल्या गाण्यावर आग सोडतील. समोरचा एक चेंबूरचा गृहस्थ हळूहळू सरकत त्याच्यासमोर येऊन बसला आणि "मग? पुढं?" म्हणू लागला. चेंबूर आलं तरी तो उतरला नाही, कुर्ल्याला नाइलाजानं उतरला.

शिवडीला उतरून माणसांच्या ओघाबरोबर चालत गेलो तो पुढं रांग. ही एवढी. मोबाइलवरचं तिकीट तपासणार, पट्टा बांधणार, मग झडती, मग आत. आतून बेसचे ठोके जमिनीतून पायात येत होते. पोरं पुढं घुसायला बघत होती, कुणी घड्याळ बघत होतं, कुणी "सुरू झालं रे" म्हणून कळवळत होतं. लाइनअप्यानं गुडघ्याला हात लावून ठोका मोजला, "126," असं स्वतःशीच म्हणाला आणि त्याचा चेहरा असा उजळला की मी वर्षभरात पाहिला नव्हता. ओळ पुढं सरकली. मागं चार कॉलेजची पोरं होती, अंबरनाथची, पहिल्यांदाच आलेली, टाचा उंचावून आत डोकावणारी. हा बाजूला झाला आणि म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं." मग त्यांच्या मागच्यांना. मग त्यांच्या मागच्यांना.

वहिनी केव्हाच पट्टा बांधून आत जाऊन नाचायला लागल्या होत्या.